दिवे लख्ख, गाडी गप्प: हर्णैच्या एका गाडीचं प्रकरण

सकाळी साडेसहाला बाईंचा फोन आला. "दादा, गाडी परत बंद. दिवे लागतायत, हॉर्न वाजतोय, चावी पुढे मारली की नुसतं टक होतं. नवीन बॅटरी टाकून जेमतेम पंधरा दिवस झालेत हो."

बाई म्हणजे माझ्या मुलीच्या चौथीच्या वर्गशिक्षिका. राहायला हर्णैला आणि शाळा आतल्या गावात. एसटीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नाही, म्हणून त्यांनी सेकंडहँड गाडी घेतली. २०१३ची छोटी पेट्रोल गाडी, साधे गिअर, केबलचा क्लच, ३५ अँपियर-अवरची बॅटरी. मी दापोलीत गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. गॅरेजवाले मला वायरमन म्हणतात.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं ठरवलं, कारण महिन्याभरात या गाडीला चार जणांनी हात लावला होता. प्रत्येकाने डोळ्यांनी काहीतरी पाहिलं होतं, प्रत्येकाकडे आपल्या म्हणण्याला पुरावा होता आणि तरीही प्रत्येकाचं निदान चुकलं. यात लबाडी कुणीच केली नव्हती. बाईंचे पैसे मात्र गेले, आणि आणखी जाणार होते.

आधी काय काय झालं होतं

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा असं झालं. चावी फिरवली, समोरचे सगळे दिवे लागले, स्टार्टला नेली तर एकच टक. शेजारचे काका मासळीचा छोटा टेम्पो चालवतात. त्यांनी टेम्पो शेजारी लावला, जंपर केबल जोडली आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. काका म्हणाले, "बाई, बॅटरी गेली." कुणीही हेच म्हणालं असतं.

बाई त्याच दिवशी बॅटरीच्या दुकानात गेल्या. जुनी बॅटरी साडेतीन वर्षांची होती, मीटरवर १२.१ व्होल्ट दाखवत होती. दुकानदाराने नवीन बॅटरी बसवली, जुनी बदल्यात ठेवून घेतली. ४,६०० रुपये. त्यानंतर बारा दिवस गाडी हात लावताच चालू होत होती, म्हणजे दुकानदाराचंही बरोबरच निघालं.

तेराव्या दिवशी पुन्हा टक. त्या दिवशी घरासमोरच्या उतारावर गाडी सोडून, दुसरा गिअर टाकून, क्लच सोडून चालू केली. धक्का स्टार्ट लगेच झाला. दोन दिवसांनी पुन्हा बंद. या वेळी काका घरी नव्हते, त्यांचा मुलगा टेम्पो घेऊन आला, तीच केबल लावली, आणि गाडी ढिम्म. नुसतं टक. टेम्पो रेस करून पाहिला तरी टकच.

मग गॅरेजचा माणूस आला. त्याने बोनेट उघडलं, खाली वाकून पान्याच्या मुठीने सेल्फवर, म्हणजे इंजिनला सुरुवातीची फेरी देणाऱ्या मोटरवर, दोन-चार ठोके मारले आणि बाईंना चावी मारायला सांगितली. गाडी चालू झाली. "सेल्फ गेला. उतरवून खोलावा लागेल. कार्बन, सोलेनॉईड, वेळ पडली तर आर्मेचर. साडेतीन-चार हजार धरून चाला." हे तिन्ही सेल्फचेच भाग; सोलेनॉईड म्हणजे सेल्फला वीज जोडणारा स्विच. हे ठोकून बघणं आमच्या धंद्यातलं जुनं आहे आणि ते अगदीच चुकीचं नाही. सेल्फमधले कार्बन झिजून अडकले असतील तर ठोक्याने क्षणभर टेकतात आणि मोटर फिरते. त्यामुळे त्याच्या दृष्टीने निदान पक्कं होतं.

बाईंनी त्याला "उद्या सांगते" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन केला.

फोनवरच विचारलेले तीन प्रश्न

निघायच्या आधी मी फोनवरच विचारायला लागलो. गाडी डोळ्यासमोर नसताना बरंच काही कळतं, फक्त नेमकं विचारावं लागतं.

पहिला प्रश्न: "बाई, हेडलाइट लावा, समोरच्या भिंतीवर उजेड बघत चावी मारा. उजेड किती कमी होतो?" बॅटरीत दम नसेल तर सेल्फला वीज द्यायला गेली की ती कोसळते, आणि भिंतीवरचा उजेड पिवळा पडतो किंवा पूर्ण जातो. बाई म्हणाल्या, "थोडासा कमी होतो. फार नाही."

दुसरा: "टक एकदाच होतं की टक-टक-टक-टक असं पटापट?" पटापट वाजलं तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते: सोलेनॉईड ओढतो, व्होल्टेज पडतं, तो सुटतो, व्होल्टेज वर येतं, तो पुन्हा ओढतो. बाई म्हणाल्या, "एकदाच. पण जोरात." म्हणजे चावी, सेल्फचा रिले (चावीच्या इशाऱ्यावर चालणारा छोटा स्विच) आणि सोलेनॉईडपर्यंतची बारीक वायर आपापलं काम करत होती.

तिसऱ्या प्रश्नाने बाई जरा बुचकळ्यात पडल्या. "टेम्पोवरून केबल लावली, तेव्हा काळा चिमटा कुठे लावला होता? पहिल्या वेळी आणि दुसऱ्या वेळी, दोन्ही सांगा."

त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी कुंपणापलीकडे हाक मारून काकांना विचारलं, काकांनी मुलाला उठवलं. पाच मिनिटांनी उत्तर आलं. काकांनी पहिल्या वेळी काळा चिमटा इंजिनच्या लोखंडाला, म्हणजे इंजिन उचलायची कडी असते तिला लावला होता. मुलाने दुसऱ्या वेळी थेट बॅटरीच्या मायनसला लावला होता.

मी म्हटलं, "बाई, सेल्फ खोलायचा नाही. मी येतो."

काळ्या चिमट्याने काय सांगितलं

बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो आणि शेवटचा चिमटा जोडताना ठिणगी पडते. म्हणून गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की काळ्या केबलचं शेवटचं टोक बंद गाडीच्या बॅटरीला न लावता लांब, इंजिनच्या उघड्या धातूला लावावं. काकांनी केलं ते पुस्तकाप्रमाणे बरोबर होतं. पण त्या बरोबर वागण्याने नकळत दुसरंही एक काम झालं. बिघडलेली वायर त्यांनी बाजूला ठेवली आणि आपल्या केबलने नवी वाट करून दिली. मुलाने चिमटा बॅटरीलाच लावला, म्हणून वीज पुन्हा त्याच बिघडलेल्या वायरीवर अडली.

गाडीतल्या विजेला जायला वायर असते आणि परत यायला धातू असतो. बॅटरीचा मायनस बॉडीला जोडलेला असतो, दिव्यांचं दुसरं टोकही बॉडीला, त्यामुळे दिव्यांसाठी परतीची वाट बॉडीतूनच होते. इंजिनाचं तसं नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स रबराच्या माउंटिंगवर बसवलेले असतात, नाहीतर सगळी थरथर आपल्या पाठीत येईल. रबरातून वीज जात नाही. म्हणून बॅटरीच्या मायनसवरून, या गाडीत तरी, दोन वायरी निघतात. एक आखूड आणि बारीक, ती बॉडीला. दुसरी जाड, ती खाली गिअरबॉक्सच्या बोल्टला. सेल्फ गिअरबॉक्सच्या तोंडाशी बसतो आणि त्याची परतीची सगळी वीज त्या दुसऱ्या वायरीतून येते. गॅरेजमध्ये तिला अर्थिंगची वायर किंवा नुसती 'अर्थ' म्हणतात.

ती वायर खराब झाली तर दिव्यांना पत्ताही लागत नाही, त्यांची वाट वेगळी आहे. आणि समजा वाट एकच असती, तरी दिवे लागलेच असते. हिशेब करून बघा. हेडलाइटचा बल्ब ५५ वॅटचा, दोन्ही मिळून साधारण नऊ अँपियर. या आकाराच्या पेट्रोल गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना शंभर ते दीडशे अँपियर ओढतो आणि थांबलेलं इंजिन हलवायच्या पहिल्या क्षणी त्याहून बराच जास्त. आता वाटेत फक्त ०.०५ ओहमचा अडथळा आला असं धरू. नऊ अँपियरला तिथे अर्धा व्होल्टसुद्धा खर्च होत नाही, दिवा लख्ख दिसतो. तीच वाट १३५ अँपियरला पावणेसात व्होल्ट खाऊन टाकते. बारातले पावणेसात गेले, तर सेल्फने इंजिन फिरवायचं कशावर?

'दिवे लागतात म्हणजे बॅटरी चांगली' हे म्हणणं म्हणूनच अपुरं आहे. आणि 'नवी बॅटरी आहे म्हणजे सेल्फला वीज पोचते' हेही तितकंच अपुरं. लाइट लागल्याने एवढंच कळतं की दहा-एक अँपियर कुठूनतरी जाऊन परत येतायत.

इतकी वीज लागणारी मोटर एवढीशी कशी, असं बाईंनी नंतर विचारलं. चांगला प्रश्न होता. १९१२च्या कॅडिलॅक गाडीत पहिल्यांदा इलेक्ट्रिक सेल्फ आला, तो चार्ल्स केटरिंग यांनी बनवला. त्याआधी ते दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला मोटर बसवायच्या कामावर होते. तिथे मोटरला क्षणभरच जोर लावायचा असतो. क्षणभराचंच काम असेल तर लहान मोटरवर तिच्या कुवतीबाहेरचा भार टाकता येतो, ही युक्ती त्यांनी गाडीत आणली. आजही सेल्फ त्याच तत्त्वावर चालतो. म्हणूनच सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये अर्धा-एक मिनिट थांबावं. बाईंनी सकाळपासून वीसेक वेळा चावी मारली होती, ती मी पहिल्यांदा थांबवली.

जागेवर काय मोजलं

हर्णैला पोचलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. बाईंनी मुख्याध्यापकांना फोन करून पहिला तास सांभाळून घ्यायला सांगितलं होतं. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मी मीटर काढला.

बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंटांवर, काहीही चालू नसताना: १२.४ व्होल्ट. पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते, म्हणजे ही थोडी उतरलेली होती. बारा-पंधरा दिवसांची नवी बॅटरी, रोज गाडी चालते, आणि तरी उतरलेली. हे मी डोक्यात ठेवलं.

बाईंना तीन सेकंद चावी मारायला सांगितली. बॅटरीच्या खुंटांवर ११.३. टक झालं, इंजिन हललं नाही. उतरलेली किंवा मेलेली बॅटरी इथे नऊच्या खाली गेली असती. बॅटरीवरचा संशय फिटला.

मग प्लसची बाजू. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लस खुंटावर, दुसरं सेल्फच्या जाड वायरीच्या नटावर. पुन्हा चावी. ०.२ व्होल्ट. जायची वाट मोकळी.

आता परतीची. एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटावर, दुसरं इंजिनाच्या धातूवर, रंग नसलेल्या जागी टोचून धरलं. खुंटावर म्हणजे खुंटावरच, टर्मिनलच्या पट्टीवर ठेवायचं नाही. खुंट आणि पट्टीच्या मध्येही घाण असू शकते, आणि तीही मोजमापात यायला हवी. "बाई, मारा." ६.८ व्होल्ट.

या दोन ठिकाणांमध्ये सेल्फ चालू असताना ०.२ च्या आसपास असावं. अर्धा व्होल्ट आला तरी मी वायर काढून बघतो. इथे जवळजवळ सात.

बाई गाडीतून उतरून मीटर बघायला आल्या. त्यांना मी क्लचच्या केबलला हात लावायला सांगितला, जिथे ती गिअरबॉक्सच्या आधी वळते तिथे. "गरम आहे," त्या म्हणाल्या. गाडी रात्रभर उभी, इंजिन थंडगार, आणि क्लचची केबल कोमट. सरळ वाट बंद झाली की वीज मिळेल त्या धातूतून परतायला बघते, आणि इंजिन नि बॉडी यांना जोडणारी धातूची दुसरी वस्तू म्हणजे क्लचची आणि ॲक्सिलरेटरची केबल. असं महिनोन्‌महिने चाललं तर आतली प्लास्टिकची नळी वितळून क्लच जाम होतो. एकदा तर केबलमधून धूर येताना मी पाहिलाय. लोक मग केबल बदलतात, आणि तीही जळते.

मग शेवटची खात्री. जंपर केबलच्या जोडीतली फक्त काळी घेतली. एक चिमटा बॅटरीच्या मायनसला, दुसरा इंजिनच्या त्याच कडीला, जिथे काकांनी लावला होता. दुसरी गाडी नाही, दुसरी बॅटरी नाही. "मारा." इंजिन अर्ध्या फेरीत चालू झालं.

बॅटरी का उतरत होती

गाडी चालू होती तोवर मी आणखी एक गोष्ट मोजली, आणि माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. चिमटा काढला, इंजिन चालूच ठेवलं, हेडलाइट लावले. बॅटरीच्या खुंटांवर १३.२ व्होल्ट. डायनॅमो म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र; त्याच्या जाड नटापासून त्याच्याच अंगापर्यंत मोजलं तर १४.३.

डायनॅमो इंजिनाला घट्ट बोल्ट केलेला असतो. त्याचा मायनस म्हणजे त्याचं अंग. बॅटरी चार्ज करताना विजेला त्याच अर्थच्या वायरीतून जावं लागतं, फक्त उलट्या दिशेने. वायर खराब झाली तर चार्जिंगही अडतं. डायनॅमो आपल्या परीने १४.३ देत होता, बॅटरीला मिळत होते १३.२. इतक्यावर बॅटरी भरत नाही, विशेषतः रोज वीस-पंचवीस मिनिटांच्या फेऱ्या असतील आणि पावसाळ्यात वायपर, पंखा, दिवे सगळं चालू असेल तर.

आता मागचं सगळं जुळतं. जुनी बॅटरी दुकानात १२.१ दाखवत होती, कारण ती महिनाभर अर्धपोटी होती. १२.१ ही उतरलेली बॅटरी. तिला रात्रभर चार्जरवर लावून, मग लोडवर, म्हणजे भार टाकून, तपासायला हवं होतं. ते झालं नाही, ती बदल्यात गेली. नवी बॅटरी दुकानातून भरून आली होती. तिच्यात इतका जोर होता की अडथळ्यातूनही बारा दिवस इंजिन फिरवलं. ती जसजशी उतरली आणि पावसात वायर जसजशी आणखी खराब झाली, तसा तो जोर संपला. दुकानदाराला वाटलं आपण बरं केलं, बाईंनाही तसंच वाटलं, आणि तेरावा दिवस उजाडला.

धक्का स्टार्ट का होत होता? त्याला सेल्फ लागतच नाही. स्पार्क, इंजेक्टर आणि पेट्रोलचा पंप यांना मिळून थोडेच अँपियर पुरतात, आणि तेवढे क्लचच्या केबलमधूनसुद्धा येतात. ठोकल्यावर चालू का झाली? गॅरेजवाल्याने वाकताना गिअरबॉक्सवर एक हात टेकवला होता, बाईंना ते आठवत होतं. त्या वजनाने वायरीचं टोक क्षणभर नीट टेकलं असणार. ठोका सेल्फवर पडला आणि श्रेयही सेल्फला गेलं.

मी त्या गॅरेजवाल्याला नावं ठेवणार नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका टेम्पोचा सेल्फ मी खोलला, कार्बन बदलले, सोलेनॉईड नवीन टाकला. सेल्फ टेबलावर उत्तम फिरला, गाडीत बसवल्यावर आठवडाभर चालला, मग पुन्हा बंद. शेवटी अर्थची वायर निघाली. सेल्फ काढताना मी तीच वायर हलवली होती, म्हणून आठवडा निघाला. त्या माणसाला मी मजुरी परत केली, पण सोलेनॉईडचे पैसे त्याचे गेले ते गेलेच. त्या दिवसापासून मीटर लावल्याशिवाय पान्याला हात लावत नाही.

वायर काढली तेव्हा

इंजिन बंद केलं. दहा नंबरच्या पान्याने आधी मायनस काढला, मग प्लस. हा क्रम नेहमी असाच ठेवायचा. मायनस लागलेला असताना प्लसवरचा पाना बॉडीला टेकला तर लख्खकन शॉर्ट होतो. बॅटरी उचलली, तिच्याखालची पत्र्याची ताटली काढली. अर्थची वायर तिथून खाली गिअरबॉक्सकडे जात होती. वरून काळी नळी चढवलेली, बघायला झकास. गेल्या महिन्यात जे कुणी बोनेटमध्ये वाकलं त्यांना ती अशीच दिसली असणार.

खालचा बोल्ट बारा नंबरचा. सोडवताना कुरकुरला. थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाचं भोकाचं चकतीसारखं कडं, हातात आलं आणि नळी मागे सरकवली. आत हिरवट-निळी पूड भरलेली होती. तांब्याच्या तारा थिंबलच्या तोंडाशी काळ्या पडून तुटलेल्या. मी वायर वाकवली, आणखी चार-पाच कट्‌कन मोडल्या. मूठभर तारांपैकी धड असतील पाच-सहा. थिंबलखाली गिअरबॉक्सच्या अंगावर पांढरी, खरखरीत भुकटी, आणि त्यात लाल मातीचा गारा वाळून बसलेला.

बाईंनी विचारलं, "समुद्रामुळे?" काही अंशी हो. हर्णैला घर किनाऱ्याजवळ, हवेत खार, दापोलीच्या बाजूला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पण ही हिरवी-निळी पूड मला वेगळं सांगत होती. जुन्या बॅटरीत कुणीतरी खुणेच्या वर पाणी भरलं होतं. भरलेली बॅटरी चार्ज होताना उकळी आल्यासारखी बुडबुडते, आणि ॲसिडचं पाणी बुचातून बाहेर येऊन खाली ठिबकतं. ताटलीवर तशा ओघळांचे डाग होते आणि ते नेमके या वायरीच्या डोक्यावर संपत होते. ॲसिड नळीत उतरलं, नळीने ते आत धरून ठेवलं, वरून खारा दमटपणा. नळी नसती तर निदान दिसलं असतं.

मजा म्हणून नाही, पण बाईंना कळावं म्हणून मी त्या काढलेल्या वायरीची दोन्ही टोकं मीटरच्या बीपवर, म्हणजे वाट जोडलेली असेल तर वाजणाऱ्या खुणेवर, लावली. बीप स्पष्ट वाजला. पाच तारा शिल्लक असल्या तरी बीप वाजतोच, एक असली तरी वाजतो. ओहमवर लावलं तरी साध्या मीटरला ०.०५ कळत नाही, त्याच्या स्वतःच्या टोकवायरींचा अडथळा त्याहून जास्त असतो. म्हणून अशी वायर सुटी काढून तपासण्यात अर्थ नाही. ती जागेवर, सेल्फची वीज वाहत असतानाच मोजायची.

नवीन वायर मी तिथेच बनवली. २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचीक वायर, जुनीपेक्षा बोटभर लांब घेतली, कारण इंजिन हलतं तेव्हा तिला ओढ बसू नये. दोन्ही टोकांना कल्हईची थिंबलं, दाबयंत्राने दाबून. हातोडीने चेपलेली थिंबलं मी लावत नाही, वर्षभरात सैल होतात. गिअरबॉक्सवरची जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली, बोल्टचे आटे ब्रशने साफ केले, दातेरी वॉशर घालून आवळलं. पेट्रोलियम जेली आवळल्यानंतर वरून लावली, आधी नाही. बॉडीची बारीक वायरही काढून साफ केली, ती बरी होती. ताटली खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, त्याने ॲसिड मरतं. मग बॅटरी ठेवली, या वेळी आधी प्लस, शेवटी मायनस.

पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून ठेवला, म्हणजे इंजिन चालू न होता सेल्फ फिरत राहील आणि नीट मोजता येईल. मायनस खुंट ते इंजिन: ०.१२ व्होल्ट. बॅटरीच्या खुंटांवर सेल्फ चालताना १०.७, आधीच्या ११.३ पेक्षा कमी. बाईंच्या ते लगेच लक्षात आलं, "हे तर कमी झालं?" बरोबर. आता सेल्फला हवी तेवढी वीज मिळत होती, म्हणून बॅटरीवर खरा भार पडत होता. दहाच्या वर आहे तोवर चिंता नाही. फ्यूज घातला, इंजिन चालू केलं, दिवे लावून बॅटरीवर १४.१.

खर्च झाला वायर, थिंबलं आणि मजुरी धरून ७५० रुपये. बाई दुसऱ्या तासाला शाळेत पोचल्या.

तुमच्या गाडीत असंच झालं तर

सगळ्या 'दिवे लागतात पण चालू होत नाही' गाड्यांचं कारण अर्थच असतं असं अजिबात नाही. सगळ्यात जास्त वेळा बॅटरीच उतरलेली असते, किंवा टर्मिनल सैल आणि पांढरं पडलेलं असतं. ते आधी बघा. टर्मिनल हाताने पिळून हललं तर तेच कारण धरा.

चावी मारल्यावर काहीच आवाज नाही, टकसुद्धा नाही, तर बॅटरीपेक्षा बारीक वायरीच्या बाजूला शोधायचं: सेल्फचा रिले, फ्यूज, चावीच्या स्विचचा झिजलेला कॉन्टॅक्ट. बऱ्याच नव्या गाड्यांना क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ मिळत नाही, आणि क्लचच्या पायाखाली सरकलेली चटई तो पूर्ण दाबू देत नाही. ऑटोमॅटिक गाडी पार्किंगमध्ये चालू झाली नाही तर न्यूट्रलमध्ये नेऊन बघा. आणि सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर तो आजारच वेगळा. तिथे पेट्रोल, स्पार्क, चावीतली चिप हे बघायचं. बॅटरी-सेल्फला हात लावायचं कारण नाही.

एक गोष्ट मात्र कुणी सांगितली तरी करू नका. बाईंनाही कुणीतरी सुचवलं होतं: गाडी चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढायचं, बंद पडली तर डायनॅमो खराब. जुन्या काळच्या गाड्यांवर लोक हे करायचे. आताच्या गाडीत तसं केलं तर डायनॅमोचं व्होल्टेज एकदम उसळतं आणि इंजिनाचा कॉम्प्युटर जळू शकतो. त्याचा खर्च नव्या बॅटरीच्या कितीतरी पट आहे. मीटर लावा, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या मध्ये असेल तर डायनॅमो चार्ज करतोय.

निघताना मी बोनेटच्या आतल्या बाजूला पांढरी चिकटपट्टी लावली आणि तारीख घालून लिहिलं: 'मायनस ते इंजिन ०.१२, चार्जिंग १४.१'. पुढे जो कुणी बोनेट उघडेल त्याला तुलना करायला आकडा मिळेल. बाईंनी मीटर कसा लावायचा ते दोनदा करून घेतलं, आणि पुढच्या आठवड्यात साडेतीनशे रुपयांचा स्वतःचा मीटर आणला.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी मला फोटो पाठवला. मीटरवर ०.१३. खाली लिहिलं होतं, "दादा, चिकटपट्टीवर आजची तारीख घातली. पाणी मीच बघते आता, खुणेपर्यंतच."